गावची नोंदवही आणि दारिद्र्याची मोजदाद

गावात एखादी योजना आली की तिच्या पाठोपाठ एक तक्ता येतो. कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसे किती, जमीन किती, जनावरे किती, घर कच्चे की पक्के, अशी रकान्यांची रांग त्यात असते. हे तक्ते भरण्याचा ग्रामकार्यकर्त्यास पुष्कळदा कंटाळा येतो आणि उत्तरे देण्याचा शेतकऱ्यास त्याहून अधिक. एकच माहिती वर्षातून तीन खाती तीन वेळा मागतात, तेव्हा हा कंटाळा अकारण आहे असे म्हणवत नाही. परंतु ज्या रकान्यात आपण घाईने शून्य लिहितो किंवा नुसती रेघ ओढतो, त्याच रकान्यावरून पुढे एखाद्या विधवेच्या घरी धान्य जावयाचे की नाही, एखाद्या भूमिहीनास घरकुल मिळावयाचे की नाही, हे ठरत असते. रकाना भरणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते याची जाणीव बहुधा त्याला स्वतःलाच नसते. म्हणून दारिद्र्याची मोजदाद आजवर कशी होत आली, तिने काय शिकविले आणि गावपातळीवर ती अधिक खरी कशी करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पिंपळे सौदागरची पाहणी

आपल्याकडे अशा पाहणीचे एक पहिले मोठे उदाहरण शेतकी कॉलेजातूनच घालून दिले गेले, ही शेतीखात्यातील मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची घरोघर आणि बांधोबांध पाहणी केली व ती १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांनी जमिनीचे जुने कागदही पाहिले. १७७१ साली त्या गावी एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ साली अवघ्या ७ एकरांवर. १५६ खातेदारांच्या जमिनीचे मिळून ७२९ तुकडे पडले होते. त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराच्याही आतले होते.

शेतकऱ्याच्या गरिबीचे खापर त्याच्या आळसावर किंवा लग्नकार्यातील खर्चावर फोडण्याची रीत जुनी आहे आणि अजून ती मेलेली नाही. मॅन यांच्या आकड्यांपुढे अशी विधाने टिकत नाहीत. पाव एकराच्या तुकड्यावर औत वळवावयासही जागा पुरत नाही, तेथे उद्योगी माणूसही काय पिकविणार? गावातील बहुसंख्य कुटुंबे केवळ आपल्या शेतावर निभावू शकत नव्हती, बाहेरच्या मजुरीचा त्यांना आधार होता, हेही या पाहणीतून पुढे आले. पुढे कानिटकर यांच्यासह मॅन यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची अशीच पाहणी केली. ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे आणि त्या तुकड्यांवर उंच इमारती उभ्या आहेत. परंतु जे तेथे मोजले गेले, ते उर्वरित महाराष्ट्रात पुढेही घडत राहिले. कृषिगणनेप्रमाणे राज्यातील सरासरी वहितीक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झाले.

सरासरी म्हणजे गाव नव्हे

येथे सरासरीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सरासरी हा उपयोगी पण फसवा आकडा आहे. समजा, एका वस्तीत दहा घरे आहेत आणि त्यांच्याकडे अनुक्रमे २४, ८, ५, ३, ३, ३, २, २, ० आणि ० एकर जमीन आहे. एकूण ५० एकर, म्हणून सरासरी ५ एकर. कागदावर ही वस्ती बरी दिसते. प्रत्यक्षात ५ एकरांचा धनी एकच आहे, सात घरे त्याहून खाली आहेत आणि दोन घरी एक गुंठाही नाही. चोवीस एकरवाल्याने आणखी दहा एकर घेतले, तर वस्तीची सरासरी ६ एकर होईल आणि ‘सुधारणा’ झाल्याचे दिसेल. मग ती दहा एकर जमीन त्याने वस्तीबाहेरच्या कोणाकडूनही का घेतली असेना! म्हणून अहवालात सरासरीच्या शेजारी आणखी दोन आकडे अवश्य द्यावेत: अगदी मधल्या घराकडे किती आहे, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही अशी घरे किती आहेत. वरील उदाहरणात मधल्या घराकडे ३ एकर येतात. हा आकडा गावाच्या अधिक जवळचा आहे.

जी गोष्ट वस्तीची तीच राज्याची. नीती आयोगाने आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांच्या बारा निर्देशकांवरून बहुआयामी दारिद्र्य मोजले आहे. त्याप्रमाणे महाराष्ट्रात अशा दरिद्री लोकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८० टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ते ७.८१ टक्के झाले. ही घट मोठी आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु त्याच मोजणीत नंदुरबार जिल्ह्यातील प्रमाण आरंभी निम्म्याहून अधिक होते आणि नंतरही सुमारे एकतृतीयांश राहिले. मुंबईचा आकडा नंदुरबारच्या आकड्यात मिसळला, की अक्कलकुवा-धडगावकडील घर दिसेनासे होते.

किती खाल्ले म्हणजे पुरेसे?

गरीब कोणास म्हणावे, याची रेघ ओढण्याचे एक मोठे काम पुण्यातच झाले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दररोज २,२५० कॅलरी देणारा आहार ज्या खर्चात मिळतो, तो खर्च त्यांनी किमान धरला. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात तो माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येत होता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांशी ताडून पाहता, खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना तेवढेही मिळत नव्हते. ‘देशात पुष्कळ गरिबी आहे’ असे म्हणणे निराळे आणि ‘शंभरांत चाळीस’ असे म्हणणे निराळे. दुसऱ्या विधानावर अंदाजपत्रक मांडता येते आणि पाच वर्षांनी जाबही विचारता येतो.

या रेघेस आक्षेप घेणारेही आपल्याच प्रांताचे होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे हे शेतीतील नमुना पाहणीचे मोठे जाणकार. पीक कापणी प्रयोगासाठी शेत आणि त्यातील चौकोन आपल्या आवडीने न निवडता केवळ यदृच्छेने निवडावयाचा, ही शिस्त आपल्या देशात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे म्हणणे असे की, एकाच माणसाची आहाराची गरजही दिवसागणिक कमीजास्त होत असते. तेव्हा सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशीच आहे असे मानले, तर उपाशी माणसांची संख्या फुगते. दांडेकर आणि सुखात्मे यांच्यातील हा वाद पुष्कळ वर्षे चालला. ग्रामकार्यकर्त्याने त्याच्या खोलात शिरण्याचे कारण नाही. रेघ माणसांनी ओढलेली असते आणि तिच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही बाजूंस तितकीच ओढगस्तीची घरे असतात, एवढे त्याने ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

चाळीस घरे, दहा वर्षे

आता ज्या पाहणीपासून शेतीखात्याने सर्वांत अधिक शिकावे असे मला वाटते, तिच्याकडे वळू. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९७५ साली सहा गावे निवडली. त्यांपैकी चार आपल्याकडील होती: सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कालमण, अकोला जिल्ह्यातील कान्झरा आणि किनखेडा. उरलेली दोन, औरेपल्ली आणि डोकूर, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातील. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबे घेतली. त्यांत दहा भूमिहीन मजुरांची, आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी दहा. पाहणी करणारा माणूस गावातच राहत असे आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी पुन्हा जात असे. कोणत्या तुकड्यात काय पेरले, पुरुषांनी किती तास काम केले, स्त्रियांनी किती, बैल किती वेळ लागले, काय विकले, काय खाल्ले, कोणाकडून उसने आणले, हे सारे लिहिले जाई. सहांपैकी काही गावांत हे काम दहा वर्षे अखंड चालले आणि २००१ नंतर ते पुन्हा हाती घेण्यात आले.

एकाच घराकडे एकदा पाहणे आणि दहा वर्षे पाहणे यांत किती अंतर आहे, हे या नोंदींनी दाखविले. राघव गैहा आणि अनिल देवळालीकर यांनी १९७५-७६ ते १९८३-८४ या नऊ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि १९९३ साली आपले निष्कर्ष मांडले. शंभरांपैकी जवळजवळ २२ कुटुंबे नऊही वर्षे दारिद्र्यात होती. नऊ वर्षांत एकदाही दारिद्र्यात न गेलेली कुटुंबे केवळ १२ च्या आसपास होती. उरलेली दोनतृतीयांश कुटुंबे कधी रेघेच्या वर, तर कधी खाली, अशी हेलकावे खात होती.

यावरून यादी करणाऱ्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, एका वर्षी केलेली यादी पाच-दहा वर्षे चालविली, तर यादीतील पुष्कळ घरे तोवर वर आलेली असतात आणि यादीबाहेरील पुष्कळ घरे खाली गेलेली असतात. आपण ज्याला ‘खोटी यादी’ म्हणतो, ती बऱ्याचदा लिहिली त्या दिवशी खरीच असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नऊही वर्षे गरीब असणाऱ्या घराचे दुखणे एक आणि हेलकावे खाणाऱ्या घराचे दुखणे दुसरे. पहिल्यास जमीन नाही, शिक्षण नाही, कमावता हात एकच आहे. त्यास कायमचा आधार हवा. दुसऱ्याचे घर चांगल्या पावसाळ्यात नीट चालते; पाऊस दगा देतो, बैल मरतो, घरात मोठे दुखणे येते आणि ते घर खाली जाते. त्यास त्या वेळी, आणि त्याच वेळी, हात द्यावा लागतो. त्याला दोन वर्षांनी दिलेली मदत म्हणजे पीक वाळून गेल्यावर सोडलेले पाणी होय.

बैलाचा उल्लेख आला, त्याविषयी आणखी थोडे. याच गावांतील कुळवहिवाटीचा अभ्यास एन. एस. जोधा यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. जमीन कसावयास घेणारा नेहमी गरीब आणि देणारा नेहमी श्रीमंत, अशी आपली समजूत असते. तेथे उलटेही चित्र आढळले. दुष्काळात बैलजोडी गेलेला लहान शेतकरी आपली जमीन बैल असलेल्या मोठ्या शेतकऱ्यास वाट्याने देत होता. अशा माणसाच्या सातबाऱ्यावर चार एकर दिसतात, म्हणून तक्त्यात तो ‘शेतकरी’ ठरतो आणि मजुरासाठी असलेल्या मदतीस मुकतो. वस्तुतः त्या वर्षी तो मजूरच असतो. आज बैलाची जागा अनेक ठिकाणी ट्रॅक्टरच्या भाड्याने घेतली आहे, पण प्रश्न तोच आहे. म्हणून ‘मालकीची जमीन’ आणि ‘या वर्षी स्वतः कसलेली जमीन’ असे दोन निरनिराळे रकाने आपल्या वहीत असलेच पाहिजेत.

यादी आणि हजेरीपट

२००२ साली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची जी गणना झाली, तिची पद्धत जुन्या कार्यकर्त्यांस आठवत असेल. तेरा प्रश्न, प्रत्येकास शून्य ते चार गुण आणि कमाल गुण ५२. जमीन, घर, कपडे, अन्न, शौचाची सोय, शिक्षण, कर्ज, स्थलांतर, असे ते प्रश्न होते. हेतू चांगला होता. परंतु कोणत्या राज्यात एकंदर किती कुटुंबे गरीब म्हणावयाची, याची कमाल मर्यादा अगोदरच नियोजन आयोगाच्या अंदाजाने बांधलेली होती. त्यामुळे एका गुणाच्या फरकाने शेजारी शेजारी राहणारी दोन घरे आत-बाहेर झाली. गुण देणाऱ्याने कपड्यांच्या प्रश्नास तीन द्यावे की दोन, एवढ्यावर एका कुटुंबाचे स्वस्त धान्य अवलंबून राहिले.

महाराष्ट्राने याहून निराळी एक वाट पूर्वीच दाखविली होती. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ च्या जानेवारीत अंमलात आला. तेथे ‘गरीब कोण’ हे यादीवरून ठरवावयाचे नव्हते. जो उन्हात खडी फोडावयास येईल त्यास काम द्यावयाचे, एवढाच नियम. हजेरीपट हीच मोजणी झाली. एखाद्या गावच्या हजेरीपटावरील नावे फेब्रुवारीतच दुप्पट झाली, तर त्या गावचा रब्बी हंगाम गेला, हे तहसीलदारास कोणत्याही अहवालाआधी कळावे. इक्रिसॅटच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. हमीची कामे उपलब्ध असलेल्या महाराष्ट्रातील गावांत भूमिहीनांच्या उत्पन्नाचे वर्षावर्षांतील चढउतार, तशी हमी नसलेल्या गावाच्या मानाने, जवळजवळ निम्मे होते. अर्थात जे काम करूच शकत नाहीत ते वृद्ध, अपंग आणि ओल्या बाळंतिणी कोणत्याही हजेरीपटावर येत नाहीत. त्यांच्यासाठी वहीच पाहिजे.

विचारण्याची रीत

‘तुमचे वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न विचारण्यासारखा निरर्थक उद्योग दुसरा नाही. कोरडवाहू शेतकऱ्यास ते ठाऊक नसते. आणि ठाऊक असले तरी पिवळी शिधापत्रिका जाईल या भीतीने तो ते सांगत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी असे विचारावे: घरची ज्वारी किंवा भात कोणत्या महिन्यापर्यंत पुरला? त्यानंतर धान्य कोठून आणले? गेल्या आखाड-श्रावणात कोणाकडून उसने घेतले, आणि ते कशाने फेडले? या वर्षी घरातून एखादे जनावर, दागिना किंवा झाड विकले काय, आणि का? दवाखान्यावर मोठा खर्च झाला काय? या प्रश्नांची उत्तरे माणूस सहज देतो, कारण ती त्याच्या अनुभवातली असतात. धान्याचा प्रश्न घरातील बाईस विचारावा. डब्यात किती उरले, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. कर्जाविषयी मात्र चावडीवर चारचौघांत विचारू नये.

अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान, गुजरात आणि आंध्र प्रदेशातील अनेक गावांत वापरलेली एक पद्धत आपल्याकडेही करून पाहण्यासारखी आहे. ते गावकऱ्यांस एकत्र बसवून विचारीत: अगदी गरीब घराकडे थोडा पैसा आला, तर ते प्रथम काय करील? त्यानंतर काय? बहुतेक ठिकाणी उत्तरांचा क्रम सारखाच निघाला. आधी पोटभर अन्न, मग मुलांची शाळा, मग अंगभर कपडे, मग कर्जाचे हप्ते. गावाने स्वतः ठरविलेल्या या पायऱ्यांवर प्रत्येक घर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोठे होते आणि आज कोठे आहे, हे गावच सांगते. आणि एखादे घर खाली का आले असे विचारले, की आजारपण आणि औषधपाण्याचा खर्च हे कारण पुनःपुन्हा पुढे येते. शेती अधिकाऱ्यास हे ऐकून थोडे अवघडल्यासारखे होते. कारण आपण बियाणे आणि खत घेऊन जातो, आणि घर बुडते ते दवाखान्याच्या पायरीवर. तरीही हे ऐकले पाहिजे. ज्या घरात दुखणे आहे त्या घरास नवे कर्ज काढून विहीर खणण्याचा सल्ला देणे योग्य होणार नाही, एवढे तरी त्यावरून कळते.

मोठी पाहणी प्रत्येक गावी होणार नाही. तिची आवश्यकताही नाही. दोनशे पानांची एक वही, एका घरास एक पान, आणि दर वर्षी त्याच पानावर एक नवी ओळ, एवढे पुरे. माणसे, कमावते हात, मालकीची जमीन, कसलेली जमीन, जनावरे, धान्य पुरले तो महिना, देणे आणि वर्षातील मोठी आपत्ती. मोबाईलवर नोंद करावयाची असली तरीही ही वही ठेवावी, कारण वर पाठविलेली माहिती गावात परत येतेच असे नाही, आणि वही गावात राहते. चार-पाच ओळी झाल्या की कोणते पान घसरत आहे, ते डोळ्यांनाच दिसू लागते. शेतकरी बंधूंनीही आपल्या घरची अशी एक ओळ स्वतः लिहून ठेवावी. तक्ता भरावयास माणूस आला की ती त्याच्यापुढे धरावी, आणि त्याने काय लिहिले ते त्याच्याकडून वाचवून घ्यावे. तो आपला हक्क आहे.

शेवटी वेळेविषयी एक सूचना. पुष्कळ पाहण्या दिवाळीनंतर सुरू होतात. त्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि अशा इतर जिल्ह्यांतील ऊसतोडीची कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे गेलेली असतात आणि ज्यांची मोजणी सर्वांत अगत्याची तीच घरे कुलूपबंद असतात. अशा घरापुढे ‘गैरहजर’ असे लिहून पुढे जाऊ नये. शेजाऱ्याकडून कुटुंब परत येण्याचा महिना विचारून तो पानावर पेन्सिलीने टिपावा, म्हाताऱ्या माणसांपाशी कोणती मुले मागे राहिली आहेत ते पाहावे, आणि चैत्र-वैशाखात ते घर उघडले की पुन्हा तेथे जावे.